‘सैराट’ गावात दाखवायचा म्हटलं की : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा, घाटंजी, झरी-जामणी या पट्ट्यातल्या गावांत आम्ही पडदा लावून सिनेमे दाखवतो. कापसाची वेचणी आटोपत आली की बोलावणी सुरू होतात. कुठं ग्रामपंचायतीसमोर, कुठं समाजमंदिरात, कुठं जिल्हा परिषद शाळेच्या आवारात. सर्वांत जास्त मागणी ‘सैराट’ला असते आणि सर्वांत जास्त विरोधही त्यालाच होतो. तारीख ठरल्यावर ‘राहू द्या, दुसरा आणा’ असा फोन येतो, तोही याच सिनेमासाठी. सरपंच, शिक्षक, आयाबाया आणि कॉलेजची पोरं जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथं एकत्र केलं आहे. काही प्रश्न विचारणाऱ्यांच्याच बोलीत ठेवले आहेत. शेवटाबद्दल उघडपणे लिहिलं आहे, त्यामुळे ज्यांनी सिनेमा पाहिलाच नाही त्यांनी आधी पाहून घ्यावा.

सिनेमा नेमका कशाचा आहे?

नागराज मंजुळे यांनी दिग्दर्शित केलेला हा मराठी चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याआधी तो बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला होता. गावच्या पुढाऱ्याची मुलगी अर्चना पाटील, म्हणजे आर्ची, आणि मासेमारी करणाऱ्या घरातला प्रशांत काळे, म्हणजे परश्या, एकाच कॉलेजात शिकतात. त्यांचं जुळतं, घरी कळतं, मारहाण होते, दोघं पळून हैदराबादला जातात, संसार उभा करतात आणि काही वर्षांनी आर्चीच्या घरचे येऊन दोघांना मारून टाकतात. रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर या दोघांचाही हा पहिलाच चित्रपट. रिंकूला त्यासाठी राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष उल्लेखाचा मान मिळाला, तेव्हा ती शाळेत शिकत होती. चित्रीकरण सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा परिसरातलं, म्हणजे दिग्दर्शकाच्या स्वतःच्या मुलखातलं. मराठी सिनेमानं तोवर पाहिली नव्हती एवढी कमाई त्यानं केली.

“सर्व्यायनं पाहेला आहे हा पिच्चर. मंग पुन्हा कायले?”

सर्वांनी पाहिलेला नाही. सर्वांनी ‘झिंगाट’पर्यंत पाहिला आहे. मोबाईलवर तुकड्यातुकड्यानं पाहिला आहे, गाणी पाठ आहेत, आर्ची बुलेटवर येते तो तुकडा स्टेटसला ठेवून झाला आहे. पण हैदराबादचा भाग सलग बसून पाहिलेली माणसं गावात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी निघतात. सिनेमा पावणेतीन तासांच्या वर आहे आणि त्याचा जीव दुसऱ्या अर्ध्या भागात आहे, हे आमचं ठाम मत आहे. पहिल्या भागातली विहीर, उसाचं शेत, क्रिकेटचा सामना, वर्गातली नजरानजर हे सारं सुंदर आहेच. पण प्रेम बसणं ही इथं फक्त सुरुवात आहे. दोन कोवळी माणसं भाड्याच्या खोलीत, परक्या भाषेत, पैशाच्या ओढाताणीत एकमेकांना कशी सांभाळतात आणि कुठं सांभाळत नाहीत, हे मोबाईलवर कोणी पाहत नाही. म्हणून पडद्यावर दाखवायचा, सर्वांनी मिळून, पूर्ण.

आणि म्हणूनच कोणी सांगितलं की ‘मध्यंतरापर्यंतच दाखवा, मग जेवणं आहेत’, तर आम्ही लावतच नाही.

“हे पाहून आमचे पोट्टे पयून जातीन त?”

हा प्रश्न बहुधा बाप विचारतो, आणि तो चिडून विचारत नाही, घाबरून विचारतो. म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

पोरं सिनेमाच्या आधीही पळत होती. ती पळतात, कारण घरात हा विषय काढायची सोय नसते. आर्चीच्या घरात काय होतं ते पाहा. तिथं माडी आहे, गाड्या आहेत, बापाचा लाड आहे, ट्रॅक्टर चालवायची मोकळीक आहे. पण मनातलं बोलायला एकही माणूस नाही. आई आहे, पण तिलाच घरात आवाज नाही. मुलगी एवढी धीट असूनही आपल्या घरात ‘मला हा आवडतो’ हे वाक्य म्हणू शकत नाही. ते वाक्य म्हणता येईल असं घर असतं तर पुढचा सिनेमा घडलाच नसता.

दुसरं असं, की पळून जाण्याचं इतकं खरं चित्र मराठी पडद्यावर क्वचित आलं आहे. रेल्वे स्टेशनवरची रात्र, खिशातले संपत चाललेले पैसे, मदतीच्या नावानं जवळ येणारे गुंड, झोपडपट्टीतली खोली, आंघोळीची आणि संडासाची अडचण, त्या सगळ्याची आर्चीला येणारी शिसारी. त्यांना आसरा देणारी सुमन अक्का नावाची बाई भेटली नसती तर काय झालं असतं, हा प्रश्न सिनेमा संपल्यावर पोरींना आवर्जून विचारा. त्या गप्प होतात, मग बोलू लागतात.

आमचा आग्रह एवढाच की बापलेकीनं एकत्र पाहावा. मुलींना घरी ठेवून फक्त पोरांना दाखवायचा असेल तर त्या कार्यक्रमाला अर्थ नाही.

हैदराबादच का? पुणे-मुंबई का नाही?

सिनेमापुरतं उत्तर सोपं आहे. ओळखीचं कोणी भेटणार नाही आणि भाषाही वेगळी, असं शहर त्यांना हवं होतं. सोलापूरकडून हैदराबादला रेल्वेनं थेट जाता येतं.

आपल्या भागात मात्र हा प्रश्न वेगळ्या अंगानं येतो, कारण हैदराबाद इथं कोणाला नवं नाही. नागपूर-हैदराबाद महामार्ग, जुना ७ नंबर आणि आताचा ४४, पांढरकवड्यावरून जातो. पाटणबोरी ओलांडली की पैनगंगा, पलीकडे आदिलाबाद. सीमेवरच्या गावांत तेलुगू घरात बोलली जाते, पाहुणे तिकडचे आहेत, दवाखान्यालाही माणसं तिकडे जातात. चंद्रपूर-गडचिरोलीकडून तर दरवर्षी टोळ्याच्या टोळ्या तेलंगणात मिरची तोडायला जातात. पाल ठोकून राहायचं, पहाटे शेतात, हाताची आग रात्रभर जात नाही, हे आपल्या बायांना सांगावं लागत नाही. त्यामुळे परक्या मुलखात आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते, हळूहळू तेलुगू उचलते, पहिल्यांदा स्वतःच्या कमाईचे पैसे हातात घेते, तेव्हा मागं बसलेल्या बायांमध्ये जी कुजबुज सुरू होते ती पुण्याच्या थिएटरात ऐकू येणार नाही. ‘असंच असते बाई’ असं कोणीतरी म्हणतंच. बड्या घरची आर्ची त्या क्षणी मजूर बायांची होते.

या भागात सिनेमा दाखवताना बाया पुढं बसतील अशी सोय करा. मागच्या अंधारात त्यांचं बोलणं हरवतं.

परश्या आर्चीला मारतो. मग तो नायक कसा?

तो मारतो. संशय घेतो, भांडतो आणि हात उचलतो. हे दृश्य आलं की पोरांच्या बाजूला शांतता पसरते, कारण तोवर ते सगळे परश्याच झालेले असतात. कविता लिहिणारा, विहिरीत उडी टाकणारा, गरिबाघरचा हुशार पोरगा. जातीनं ज्याला खाली दाबलं, तोच बायकोपुढं नवरा होतो.

आमच्या मते सिनेमातली ही सर्वांत धाडसाची जागा आहे. दिग्दर्शकाला परश्याबद्दल माया आहे, तरी त्यानं त्याला सोडलेलं नाही. आर्ची ते सहन करत बसत नाही, ती निघून जाते. परत येते तीही स्वतःच्या निर्णयानं. कोणी समजूत घालून तिला आणलेलं नाही. त्यानंतर दोघांचं नातं बदललेलं दिसतं. रजिस्टर लग्न त्यानंतरचं आहे, मूल त्यानंतरचं आहे. पळून जाणं हे बंड होतं, पण एकमेकांशी बरोबरीनं वागणं त्यांना हैदराबादेत शिकावं लागलं.

चर्चेत एखादा पोरगा ‘एक थापड तर मारली’ असं म्हणतोच. त्याला तिथल्या तिथं गप्प करू नका. बायांना उत्तर देऊ द्या.

“पोरगी एवढी धीट असते काय कुठं?”

असते. पोळ्याच्या पाडव्याला बैलजोडी सांभाळणाऱ्या, स्प्रिंकलरचे पाइप खांद्यावर वाहणाऱ्या, स्कूटीवर तिघी बसून तालुक्याला परीक्षेला जाणाऱ्या पोरी तुमच्याच गावात आहेत. आर्चीचं वेगळेपण बुलेटमध्ये नाही. ते पोलीस ठाण्यातल्या प्रसंगात आहे. परश्या आणि त्याच्या मित्रांवर बलात्काराचा खोटा गुन्हा लादायचा घाट घातला जातो, तेव्हा स्वतःच्या बापासमोर, पोलिसांसमोर ती उभी राहते आणि मी माझ्या मर्जीनं गेले हे सांगते. तक्रारीच्या कागदाला ती बधत नाही. अशा वेळी मुलीचा जबाब फिरवला की तीन पोरांची आयुष्यं संपतात, हे आपल्याकडच्या कोणत्याही ठाण्याच्या आवारात बसलेला माणूस सांगेल.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. आर्चीच्या धिटाईचा काही भाग तिच्या घराच्या वजनातून आला आहे. पाटलाच्या पोरीला गावात कोण अडवणार? ते वजन हैदराबादेत उरत नाही. तिथं जी उरते ती तिची स्वतःची ताकद.

सिनेमा एका समाजाच्या विरोधात आहे का?

नाही. ही हरकत प्रदर्शनाच्या वेळीही घेतली गेली आणि गावात अजून घेतली जाते, म्हणून दोन जागा दाखवतो.

पहिली जागा परश्याच्या घरची आहे. मुलगा पळून गेल्यावर त्याच्या बापाला स्वतःच्याच जातपंचायतीपुढं उभं राहावं लागतं. मुलीचं लग्न कसं होणार म्हणून तो गयावया करतो, स्वतःच्याच तोंडात मारून घेतो. म्हणजे जाच वरून खाली येतो आणि खालीही तसाच चालतो, हे सिनेमानं लपवलेलं नाही. दुसरी जागा आर्ची स्वतः. ज्या घरातून मारेकरी निघाले त्याच घरातून ती निघाली. सिनेमातलं सर्वांत उजळ माणूस त्या समाजातलंच आहे.

लोखंडे सरांच्या थोबाडीत आर्चीचा भाऊ प्रिन्स भर वर्गात मारतो आणि घरी त्याचं कौतुक होतं. त्या कौतुकापासून शेवटच्या खुनापर्यंत सरळ रस्ता आहे. तो रस्ता कोणत्याही आडनावाच्या घरातून निघू शकतो.

“हे सारं तिकडचं, ऊसवाल्यायचं. इकडं कुठं होते असं?”

इकडं ऊस कमी, कापूस-तूर जास्त. साखर कारखान्याचं राजकारण इकडं तेवढं नाही. पण गावाची रचना पाहा. पाणी कोणाच्या विहिरीचं, पोळ्याला मानाची जोडी कोणाची, पंगतीत कोण कुठं बसतं, टोलीवरची घरं गावापासून किती लांब, हे प्रत्येकाला पाठ आहे.

ही तीच भूमी आहे जिथं १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्याच्या २० वर्षं आधी, १९३६ साली, जातिसंस्थेच्या उच्चाटनावरच्या त्यांच्या न झालेल्या भाषणात त्यांनी लिहून ठेवलं की जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हा आहे. मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत वैवाहिक जीवनावर स्वतंत्र अध्याय लिहिला. गावोगावी सकाळी ग्रामगीता वाचली जाते, १४ एप्रिलला मिरवणूक निघते, आणि त्याच गावात पोरीनं जातीबाहेर लग्न केलं की तिच्या आईला सार्वजनिक नळावर बोलायला माणूस मिळत नाही. इकडं रक्त कमी सांडत असेल, पण अबोला, वाळीत टाकणं, तेराव्यालाही न बोलावणं हे भरपूर आहे. ‘इकडं होत नाही’ म्हणणाऱ्यानं आपल्या गावातून कायमची गेलेली पोरगी कोणती, एवढं आठवून पाहावं.

“शेवट असा काऊन केला? जगू देलं असतं त का बिघडलं असतं?”

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. लोक अक्षरशः भांडतात. एवढ्या हालातून निघाले, स्कूटर आली, फ्लॅट पाहू लागले, मूल चालू-बोलू लागलं, आणि मग?

तो शेवट कसा रचला आहे ते बारकाईनं पाहायला हवं. आर्चीनं आईला फोन केलेला असतो, माहेरची ओढ असते. ती दारात रांगोळी काढत असताना भाऊ आणि नातेवाईक येतात. रागानं येत नाहीत, भेटवस्तू घेऊन येतात. आर्ची घाबरते, मग सावरते, त्यांना आत घेते, चहा होतो. शेजारणीकडं गेलेलं मूल परत येतं तेव्हा सगळं संपलेलं असतं. मारताना दाखवलेलं नाही. अजय-अतुल यांच्या संगीतानं भरलेल्या या सिनेमात त्या ठिकाणी आवाजच नाही. मूल बाहेर चालत येतं आणि त्याची रक्तानं माखलेली पावलं मागं उमटत जातात.

आम्ही हे जिथं जिथं दाखवलं तिथं लोकांना सर्वांत जास्त लागलं ते रक्त नव्हे, त्या भेटवस्तू. पाठलाग करून, दारू पिऊन, बेभान होऊन केलेला खून लोक समजू शकतात, त्याला ‘रागाच्या भरात’ हा शब्द तयार असतो. इथं वर्षं उलटली आहेत. राग निवायला पुरेसा वेळ गेला आहे. तरी माहेरची साडी हातात घेऊन, बहिणीच्या हातचा चहा पिऊन हे केलं गेलं. ज्याला लोक इज्जत म्हणतात तिला रागाची गरजच नसते, ती थंड डोक्यानं सांभाळली जाते. दोघांना जगवलं असतं तर आपण हायसं वाटून घरी गेलो असतो आणि प्रिन्स आपल्याला फक्त एक वाईट पोरगा वाटला असता.

सिनेमा संपल्याबरोबर दिवे लावू नका. आणि माईकवर लगेच आभार मानू नका.

हिंदीतला पाहिला तर चालेल का?

‘सैराट’वरूनच केलेला ‘धडक’ (२०१८) उदयपुरात घडतो. त्यात शेवटी मुलगी वाचते, नवरा आणि मूल जातं. जातीचा प्रश्न तिथं बराच मागं पडला आहे. आमचं उत्तर : मराठीच पाहा. करमाळ्याकडची बोली आपल्या वऱ्हाडीपेक्षा वेगळी असली तरी म्हाताऱ्यांनाही अडचण येत नाही.

गाण्यांबद्दल?

चारच गाणी आहेत. त्यांच्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण अमेरिकेत, लॉस एंजेलिसमध्ये झालं. ‘झिंगाट’ लागलं की पोरं उठून नाचतात. नाचू द्या, फक्त पडद्यासमोर वायर टाकलेली नसावी.

दाखवताना काय काळजी घ्यावी?

अंधार पडल्याशिवाय पडदा दिसत नाही आणि रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर वाजवायला कायद्यानं बंदी आहे. सिनेमा २ तास ५४ मिनिटांचा. म्हणजे हिवाळ्यात साडेसहाला सुरू झालाच पाहिजे, पाहुण्यांच्या सत्काराला वेळ नाही. चर्चा माईकशिवाय, जवळ बसून करावी, ती चांगलीही होते. जाहीर कार्यक्रमासाठी हक्क असलेल्या कंपनीची परवानगी लागते, ती आधी घ्या. ग्रामपंचायतीला आणि पोलीस पाटलांना लेखी कळवा. लहान मुलांना शेवट झेपत नाही, सातवीच्या आतली पोरं घरी राहिलेली बरी. लोडशेडिंगचं वेळापत्रक पाहूनच तारीख धरा.

कार्यक्रमानंतर कोणी बाजूला येऊन ‘आमचंही असंच आहे’ म्हटलं तर?

असं होतं. तेव्हा सल्ला देण्याआधी वय विचारा, आणि तोंडी नव्हे, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची जन्मतारीख. मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण नसेल तर लग्नाचा विषयच नाही. १८ च्या आतली मुलगी असेल तर पळून नेणाऱ्या पोरावर पोक्सोसारखा (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) गंभीर गुन्हा दाखल होऊ शकतो. अशा वेळी शिक्षण पूर्ण करा, थांबा, हेच सांगायचं.

वय पूर्ण असेल तर रस्ते आहेत. विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ३० दिवस थांबावं लागतं आणि लग्नाच्या वेळी ३ साक्षीदार लागतात. नोटीस कार्यालयात लावली जाते, त्यामुळे घरी कळण्याची शक्यता असते. हा महिना सर्वांत नाजूक, त्याची तयारी आधी हवी. दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर जात वेगळी असली तरी हिंदू विवाह कायद्याखाली लग्न होतं आणि त्याला ही नोटीस लागत नाही.

सज्ञान माणसांनी आपला जोडीदार निवडणं हा त्यांचा हक्क आहे आणि त्यात पंचायतीला वा जमावाला ढवळाढवळ करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं शक्ती वाहिनी खटल्यात मार्च २०१८ मध्ये दिला. अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी पोलिसांनी काय करावं हेही त्यात सांगितलं आहे. जिवाची भीती असेल तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तातडीला ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. कुटुंबाला वाळीत टाकलं तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, तो जुलै २०१७ पासून लागू आहे आणि त्यात ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आंतरजातीय विवाहाच्या प्रोत्साहनपर अनुदानाची चौकशी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करावी, अटी तिथंच विचारून घ्याव्यात.

आणि ज्यानं विश्वासानं सांगितलं त्याचं नाव आपल्या तोंडून गावात जाऊ देऊ नका. चहाच्या टपरीवर तर नाहीच.

यानंतर कोणता सिनेमा दाखवावा?

त्याच दिग्दर्शकाचा ‘फँड्री’ (२०१३). ‘सैराट’पेक्षा लहान आहे, प्रेम एकतर्फी आहे, आणि शाळेतल्या पोरांना दाखवता येतो. त्यानंतर ‘झुंड’ (२०२२). तो हिंदी आहे, पण नागपूरचा आहे. झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसे यांच्या कामावर बेतलेला. रिंकू राजगुरू त्यात एका आदिवासी मुलीच्या भूमिकेत आहे, आणि तिच्या ओळखीच्या कागदपत्रांसाठी बापलेक दारोदार फिरतात. कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, दाखवणार असाल तर आमच्या मते ‘झुंड’ आधी दाखवा. जातीचा दाखला आणि आधार कार्ड मिळवताना काय होतं, यावर तिथं लगेच बोलणं सुरू होतं, आणि दुसऱ्या बैठकीला ‘सैराट’ आणला की माणसं आपणहून येतात.